सपाट रस्त्याचं गाव

माझ्या बायकोने आणि मुलीने मिळून मला फसवलं. पाच महिने फसवलं, आणि त्यासाठी जर्मनीतलं एक छोटं गाव वापरलं.

ते गाव मी अजून पाहिलेलं नाही, पण आता मला ते पाठ आहे. आमच्या शेजारच्या जर्मन आजींचं ते माहेर. घर विकून जाताना त्यांनी तिथला एक जुना नकाशा बायकोला दिला. लग्नाआधी ती साताऱ्याच्या शाळेत भूगोल शिकवायची. तिने नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला आणि म्हणाली, "इथे जाऊ या." इकडे परदेशात, आयसेलिन गावातल्या आमच्या भांड्यांच्या दुकानात तीस वर्षं माझ्याबरोबर उभी राहिलेली बाई पहिल्यांदाच काही मागत होती. मी हो म्हणालो.

कुठलाही माल घ्यायचा तर मी आधी त्याची कुंडली काढतो. रिकाम्या हातांनी या देशात आलेल्या माणसाला ते करावंच लागतं. गावाचीही काढली. अरुंद दरी, मधून नदी. उत्तरेला डोंगर आहे, तो थंड वारा अडवतो, म्हणून उतारावर द्राक्षं होतात. जमिनीतून खारे झरे येतात. शेकडो वर्षं तिथल्या लोकांनी ते पाणी आटवून मीठ विकलं. पण पाण्यात मीठ कमी, लाकूड फार जळायचं. मग त्यांनी काटेरी फांद्या रचून घरापेक्षा उंच भिंती केल्या. वरून पाणी सोडायचं. काट्यांवरून ठिबकत खाली येईपर्यंत बरंचसं वाऱ्यानेच उडून जायचं, आणि उरलेलं दाट खारं पाणी भट्टीवर चढायचं. वारा फुकट मिळतो हे ज्याला सुचलं त्याला मी मनातल्या मनात हात जोडले. पुढे खाणीतलं मीठ स्वस्त झालं, भट्ट्या विझल्या. तेव्हा गावाने तेच पाणी आजारी माणसांसाठी काढलं. नहाणीघरं बांधली, नदीकाठी बाग केली. त्या काटेरी भिंतींच्या कडेने लोक खारी हवा छातीत भरत फिरू लागले. महायुद्धात हॉटेलांची इस्पितळं झाली, नंतर पुन्हा हॉटेलं झाली. भिंती अजून ठिबकतात.

हे सगळं मी बायकोला भाजी चिरताना ऐकवायचो. तिचे प्रश्न मात्र वेगळे असायचे. स्टेशनवरून हॉटेलपर्यंत चढ आहे का? नदीकाठचा रस्ता सपाट आहे ना? बाकं किती अंतरावर आहेत? मी हॉटेलवाल्याशी तासभर हुज्जत घालून तिसऱ्या मजल्यावरची, नदीकडची खोली मिळवली, तर म्हणे तळमजल्यावरची घ्या.

मी चिडलो. "एवढा नकाशा घोकलास, आणि गाव वरून बघायचं नाही?"

"खालूनच बघेन हो," ती म्हणाली.

गिऱ्हाईक झाकणाच्या मुठीबद्दल फार विचारायला लागलं की मी ओळखतो, याच्या मनात दुसरंच काहीतरी आहे. अनोळखी माणसाचं मला दारातूनच कळतं. घरातल्या बाईचं कळलं नाही.

नहाणीघरवाल्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. बायको म्हणाली, राहू दे, मी पाण्यात उतरणारच नाही, नुसती भिंतीजवळून फिरेन. मला ते पटेना. मी दुकानातून तिच्या डॉक्टरांकडे फोन लावला. फोन घेणाऱ्या मुलीने सांगितलं की पेशंटची माहिती कोणाला द्यायची याची यादी पेशंटनेच सही करून दिली आहे, त्यात एकच नाव आहे आणि ते माझं नाही. मी नवरा आहे म्हणालो. मग ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "आय अंडरस्टँड, सर."

मी फोन ठेवला. समोरच्या गिऱ्हाईक बाईने इडलीपात्र मागितलं होतं. मी तिच्या हातात कुकर दिला.

यादीतलं नाव कोणाचं हे विचारायची गरज नव्हती. मी अ‍ॅशबर्नला राहणाऱ्या मुलीला फोन केला. तिने सगळं सांगितलं. आईच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन लवकर करा. आई म्हणते, आधी ते गाव, मग ऑपरेशन. शेवटी म्हणाली, "बाबा, इट्स हर डिसिजन."

आमच्या जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. सातव्या पायरीवर बायको थांबते आणि भिंतीवरची फोटोची चौकट सरळ करते. किती महिने मी ते बघत होतो आणि वैतागत होतो की ही चौकट वाकडी होते तरी कशी. आता मी खाली उभा राहतो. पुढचं पाऊल वाजेपर्यंत तिथून हलत नाही.

मी तिला विचारलं, मला का नाही सांगितलंस.

"तुम्ही डॉक्टरांशीसुद्धा घासाघीस केली असती," ती म्हणाली. मग नकाशाची घडी घालत म्हणाली, "ऑपरेशनच्या टेबलावरून उठलेच नाही तर? एवढं बघून होऊ दे."

आयुष्यभर मी कोणाचा पहिला भाव मान्य केलेला नाही. तिचा केला.

विमान तीन आठवड्यांनी आहे. बुकिंग मी कॅन्सल केलेलं नाही. केलं तर ती ऑपरेशनलाही नाही म्हणेल याची भीती वाटते, आणि नाही केलं तर बाकी सगळ्याची. रोज तो नकाशा उघडतो. मोठं इस्पितळ डोंगरापलीकडे आहे. ज्या डोंगराचं मी एवढं कौतुक केलं, त्याला वळसा घालून अ‍ॅम्ब्युलन्सला यावं लागेल.

मुली, हे मी मुद्दाम मराठीत लिहितो आहे. तुला वाचायला वेळ लागेल. बोट ठेवून वाच, लहानपणी वाचायचीस तसं. तिचा निर्णय हे ऑफिसातलं उत्तर झालं, तसलं मला डॉक्टरांकडच्या मुलीनेही दिलं. यादीत नाव तुझं होतं. पाच महिने तुला सगळं माहीत होतं, आणि तू तिला थांबवलं नाहीस, मलाही थांबवू दिलं नाहीस. त्या सपाट रस्त्यावर ती मध्येच बसली आणि उठली नाही, तर मी काय करायचं? उत्तर दे. विमान सुटायच्या आत दे.