नाकाला दाट, मध्ये विरळ

जगात कुठलीही गोष्ट सारख्या अंतरावर ठेवलेली ज्याला बघवत नाही, असा एकच माणूस जन्माला आला आणि तो नेमका माझा साडू झाला. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, डिचोलीचे. तोंडावर मी त्यांना भावोजी म्हणतो. मनातल्या मनात काय काय म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. नात्यावरच भागलं असतं तर सणासुदीपुरता ताप म्हणून सोसलाही असता. पण म्हापशात एका औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमचं ऑफिस, आणि तिथे आठ वर्षं आमची टेबलं एकमेकांना चिकटून होती.

आमचं काम कारखान्यांच्या मोठ्या पंख्यांचं. पात्याभोवतून हवा कशी वाहील, ते पातं बनवण्याआधीच कॉम्प्युटरवर काढायचं. कॉम्प्युटरला हवा दिसत नाही. तिचे बारीक तुकडे पाडून एक जाळी त्याला द्यावी लागते, आणि त्या जाळीची सुरुवात होते पात्याच्या कडेवर ठेवलेल्या बिंदूंपासून. बिंदू ठेवणार भावोजी, त्यांच्या जाळीवर हिशेब चालवणार मी. म्हणजे त्यांचं संपेपर्यंत मी माश्या मारत बसून. पात्याच्या पुढच्या गोल कडेला ते नाक म्हणत, मागच्या धारेला शेपूट. वरच्या अंगाला किती बिंदू, खालच्या अंगाला किती, नाकाशी पहिलं अंतर केवढं, शेपटाशी केवढं, एवढे आकडे भरले की बिंदू आपोआप बसतात. दहा मिनिटांचं काम. भावोजी सोमवारी आकडे भरायला घेत आणि गुरुवारी 'बघूया' म्हणत. जाळीतल्या एका घरापेक्षा शेजारचं घर एकदम मोठं झालेलं त्यांना खपत नसे, ते बेताबेताने वाढायला हवं. मी घड्याळाकडे बघू लागलो की शांतपणे सांगत, "वारो नाकार आपटता आनी शेपडेर सुटता. मदीं तो नुसतो चलता. थंय कित्याक गर्दी?" मग स्क्रीनवर वाकून पुटपुटत, "नाकाक कमी पडला." की आणखी दहा बिंदू, आणि माझी पेडण्याची बस गेलेली.

बरं, हे शास्त्र पात्यापुरतं ठेवावं! पावात भाजी भरतानासुद्धा दोन्ही टोकांना गच्च आणि मध्ये कोरडा पाव. कोरगावला आमच्या सासऱ्यांची काजूची बाग आहे. त्यांना मुलगा नाही, त्यामुळे अडल्यानडल्याला आम्ही दोघे जावई. एका उन्हाळ्यात त्यांनी कुंपणाचे खांब पुरायला सांगितले. खड्डे मी खणत होतो, अंतरं भावोजी ठरवत होते. फाटकाशी पावलापावलावर खांब, पलीकडे ओहोळाशी तसेच, आणि मधल्या सरळ भागात इतका मोकळेपणा की तार लोंबायला लागली. तिसऱ्या दिवशी गुरं बरोबर मधूनच आत शिरली आणि कोवळी कलमं फस्त करून गेली. सासरे ओरडले माझ्यावर, कारण कुदळ माझ्या हातात होती. भावोजींनी जागेची पाहणी केली आणि गुरं वाऱ्यासारखी वागत नाहीत, असा सगळा दोष गुरांवर टाकला.

पण खरी परीक्षा चवथीला. आमच्या दोघांच्याही घरचा गणपती मोठ्या भावांकडे असतो, म्हणून सासऱ्यांकडची माटोळी बांधायची आम्ही. गणपतीच्या डोक्यावर टांगायची ती लाकडी पट्ट्यांची चौकट म्हणजे आयती जाळीच, मग काय विचारता! म्हापशाच्या बाजारातून नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, आंबाडे मी ओझ्याने वाहून आणायचे आणि भावोजींनी स्टुलावर चढून ते पुढच्या आणि मागच्या कडेला खेटून बांधायचे. मध्ये, ऐन देवाच्या डोक्यावर, चार आंबाडे. सासरे दरवर्षी खुर्चीतून कुरकुरत, "मदीं कौलां दिसतत." भटजी यायची वेळ झालेली, आणि वरून उत्तर येई, "नाकाक कमी पडला. आनी एक घोस दी."

गेल्या वर्षी ऑफिसात नवं सॉफ्टवेअर आलं. पात्याचा आकार दिला की सगळी जाळी तेच विणतं. साहेबांनी मला आत बोलावून एकच पातं दोन्ही जाळ्यांवर चालवून बघायला सांगितलं. फरक पडत नसेल तर भावोजींना ठेवण्यात अर्थ नाही, हेही दार लावून सांगितलं. ज्या माणसाच्या दिरंगाईला मी आठ वर्षं शिव्या घातल्या, त्याची नोकरी माझ्या हातात आली. मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी दोन दिवस मी फरक शोधत बसलो, आणि सापडलाही. पातं फार तिरकं केलं की नव्या जाळीचे आकडे भरकटत होते, भावोजींचे मात्र कारखान्यात मोजलेल्या आकड्यांशी शेवटपर्यंत जुळत होते. मी ते जाड अक्षरांत लिहून दिलं. साहेब म्हणाले, गिऱ्हाईक पातं तेवढं तिरकं कधी ठेवतच नाही. नेहमीच्या कोनात फरक नव्हता, आणि आहे असं लिहायला माझा हात धजला नाही.

भावोजींना सांगण्याचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. त्यांनी आधी ती नवी जाळी बघायला मागितली. बराच वेळ बघितली. मला वाटलं, आता भडकणार.

"नाकार बरे घातल्यात," ते म्हणाले. "शेपडेर मात्र घाई केल्या." आणि त्यांनी आपला डबा पिशवीत भरला.

आता ते बंगळुरात असतात. तिथे कुणाला तरी विमानाच्या पंखांसाठी असा चिकट माणूस हवाच होता. माझी पेडण्याची बस हल्ली एकदाही चुकत नाही आणि घरी लवकर पोचून करायचं काय, हे मला कळत नाही. चवथीला त्यांना रजा मिळाली नाही. माटोळी मी एकट्याने बांधली, सारखी अंतरं मोजून, अर्ध्या तासात. एक कौल दिसत नव्हतं. सासरे खुर्चीत बसून वर बघत राहिले आणि काहीच कुरकुरले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "तेचो फोन इलो?"

मी नाही म्हटलं. मग स्टूल पुन्हा ओढलं, वर चढलो आणि मधले दोन घोस सोडायला लागलो. भटजी उंबऱ्यात आले, आता आणखी काय राहिलंय, म्हणून बायको खालून करवादली.

"नाकाक कमी पडला," मी म्हणालो.