खंडेनवमीनंतर राधाकृष्ण पेटला

राधाकृष्णाचा राग कोल्हारात आमच्या गल्लीला फार उपयोगी पडे. सकाळी त्याची स्कूटर चालू होईना आणि तो तिच्या कंपनीचा उद्धार करू लागला की बाया पोरांना शाळेत पिटाळत. भोंग्याची गरजच नव्हती.

साखर कारखान्यात तो आधी वजनकाट्यावर उसाच्या गाड्या मोजायचा. मग कॉम्प्युटरचा क्लास केला, आणि नव्याण्णव साली कारखान्यात इंटरनेट आलं तशी फायरवॉल त्याच्या ताब्यात आली. बाहेरच्या भामट्यांना आत येऊ न देणारी राखणच ती. तिचा सर्व्हर कुलूपबंद खोलीत. राधाकृष्णानं आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून त्याला जोडून घ्यायचं आणि पडद्यावरच्या चित्रांवर क्लिक करून हुकूम सोडायचे. पुण्याच्या इंजिनिअरनं बसवतानाच बजावलं होतं, सर्व्हर फक्त या एका मशीनचं ऐकेल. राधाकृष्णानं मान डोलावली होती. मान डोलवायला त्याचं काय जात होतं!

खंडेनवमीला त्यानंच फर्मान काढलं: सगळे कॉम्प्युटर हॉलमध्ये मांडा, एकत्र पूजा करू. एकसारखी पांढरी खोकी, त्यांना झेंडूच्या माळा, हळदकुंकू. पेढे संपले तशी ज्याला जे खोकं हाताला लागलं ते त्यानं कुठल्याही टेबलावर नेऊन ठेवलं.

दसऱ्याची सुट्टी संपवून राधाकृष्ण कामाला बसला, तर मशीनवर जोडणीचा प्रोग्रॅमच नाही. कुणीतरी मुद्दाम पुसला, असं ठरवून तो पेटला. सीडी घालून प्रोग्रॅम पुन्हा टाकला. नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, तरी सर्व्हर त्याला दारात उभं करीना. त्यानं केबल बदलली, वायरमनला झापलं, शेवटी कीबोर्डच आपटला. सुट्टीसाठी बंद केलेली वाट त्याच्या हुकमाशिवाय उघडेना, आणि तिकडे व्यापाऱ्यांचे ई-मेल अडलेले. कार्यकारी संचालकांनी बोलावून शांतपणे सांगितलं, संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर पुण्याचा माणूस कायमचा ठेवू, तुम्ही काट्यावर परत जा. त्या शांतपणानं तर त्याच्या अंगाचा भडका उडाला.

ऊस विभागाचा वाल्मिक सकाळपासून दारात येऊन काही सांगू बघत होता. प्रत्येक वेळी राधाकृष्णानं त्याला हाकललं. चौथ्या खेपेला वाल्मिकचंही टाळकं सरकलं.

"साहेब, माज्या मशीनवरची उसाची नोंद गेली कुटं? आन् तुमचं ते फायरवॉलचं चित्र माज्या पडद्यावर कशापायी घातलंय?"

राधाकृष्ण टेबलं, खुर्च्या ढकलत ऊस विभागात धावला आणि वाल्मिकच्या खुर्चीत बसला. नाव घातलं, पासवर्ड घातला. सर्व्हरनं मुकाट आत घेतलं. काट्यावर जायचं टळलं होतं. पण फर्मान आपलंच होतं हे आठवलं, आणि राग काढायला समोर वाल्मिकच तेवढा उभा होता.

"आपल्या दोघांची खोकी बदलली एवढं सकाळीच नीट सांगायला काय धाड भरली होती तुला?"

"सांगनार कवा?" वाल्मिक म्हणाला. "सकाळधरनं तुमीच वरडताय. माजा नंबरच लागंना."