लंकाबाईच्या अंगावरचं ऊन

मंचरच्या नौशाद पेंटरनं उभा जन्म मेलेल्या माणसांवर पोट भरलं. कुणी गेलं की दशक्रियेला मांडायची तसबीर त्याच्याकडून करून घ्यायची, अशी रीत होती. मग मोबाईलवाले आले. ते घटकाभरात फोटोतल्या मयताच्या अंगावर कोट चढवू लागले आणि नौशादचे ब्रश वाळले.

पुण्याला चित्रकला शिकताना त्यानं वाचलं होतं, की फ्रान्समध्येही कॅमेऱ्यानं चित्रकारांच्या पोटावर पाय दिला, तेव्हा काहीजण रंग घेऊन उघड्यावर गेले. नाक-डोळे कॅमेऱ्यानं काढावेत, आपण ऊन धरू, म्हणाले. सावलीत त्यांना काळा नाही, निळा दिसला. लोक आधी हसले आणि मग जगभर त्यांचीच नक्कल झाली. असं एक तरी चित्र आपल्या हातून कुणाच्या घरात लागावं, हे वेड नौशादला तेव्हापासूनचं. पण आपल्या मयताचं निळं तोंड कोण घेणार?

लंकाबाई गेली तेव्हा तिचा नवरा धर्माजी स्वतः आला. घरात तिचा आधार कार्डावरचा तेवढाच फोटो. "तूच काढ भाऊ. तू पाह्यलंय तिला."

पाहिलं तर होतंच. धर्माजीच्या कांदे साठवायच्या बराखीत फटींतून ऊन यायचं आणि ती खाली मान घालून कांदे निवडत बसायची. नौशाद सकाळी सकाळी त्या रिकाम्या जागेसमोर जाऊन बसला आणि पहिल्यांदाच मनासारखं रंगवलं.

चित्र धर्माजीच्या घरी नेलं, तर लंकाबाईचा मुलगा सुदर्शन त्याला नाक लावून उभा राहिला. "आईचं तोंड कुठंय?"

"जरा मागं सरून बघा, सुदर्शनभाऊ."

"दशक्रियेच्या पावण्यांना काय मागं सरा म्हणू?"

बोलणं रास्त होतं, हीच पंचाईत.

तेवढ्यात अंगणापलीकडे बसलेला धर्माजी चित्राकडे बघून म्हणाला, "लंके, ऊन चढलं. ऊठ आता." घरच्यांना वाटलं, म्हाताऱ्याला भ्रम झाला. नौशादला मात्र भरून आलं. सुदर्शननं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवून दिलं.

दशक्रियेला घोडनदीच्या घाटावर मोबाईलवाल्याची लंकाबाई मांडली होती. गोरीपान, पैठणीतली, गळ्यात जन्मात न घातलेला सोन्याचा हार. लोक हात जोडून पुढं सरकत होते. धर्माजीनं तिला जवळून पाहिलं, मागं सरून पाहिलं. मग नौशादचा हात धरून हळूच विचारलं, "भाऊ, ही बाई कोण?"

नौशाद खाली मान घालून म्हणाला,

"तुमचीच हाय, बाबा."

धर्माजीनं मान डोलवली आणि त्या अनोळखी बाईला हात जोडले.