न्यायचे राहिलेले फोटो

निपाणीत तंबाखूच्या वखारींमागच्या गल्लीत अभिनंदन मगदूमचा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो हेच मुख्य काम. हनुवटी जरा वर, खांदे सैल, डोळे मिटू नका, एवढंच तो दिवसभर बोलतो. हजारो चेहरे त्याच्या हातून गेले असतील, पण त्याचा स्वतःचा एकही फोटो त्या दुकानात नाही. वरचा ओठ जन्मतः दुभंगलेला. लहानपणी शिवला, शिवण राहिली. काही अक्षरं नाकातून येतात. समोरचा माणूस आधी ओठाकडं बघतो आणि मग घाईघाईनं डोळ्यांकडं. ती घाई त्याला ओठापेक्षा जास्त टोचत आली.

२००८ साली त्याची धाकटी बहीण प्रिया बेळगावला इंजिनिअरिंग शिकत होती. सुट्टीत आली तेव्हा स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर तिनं त्याला ऑर्कुटचं खातं उघडून दिलं.

"अण्णा, दिवसभर मुक्यागत बसतोस. हितं बोल लोकांशी. हितं कोण तोंड बघत न्हाय."

"मग ह्यो फोटोचा चौकोन कशाला हाय गं?"

प्रियानं त्या चौकोनावरून माऊस फिरवला. "फूल टाक की एखादं. लोक टाकत्यात फुलं."

ती गेल्यावर त्यानं ड्रॉवर उघडला. पासपोर्ट फोटो सहसा कुणी सोडून जात नाही. रेशनकार्ड, शाळा, बँक, कशाला तरी लागतो म्हणूनच माणूस काढतो. तरी एक पाकीट कधीचं पडून होतं. निळ्या चौकड्यांचा शर्ट, सरळ भांग, सरळ ओठ. बाजारच्या दिवशी आला होता, पैसे देऊन "उद्या येतो" म्हणाला आणि आलाच नाही. चेहरा असा, की बघितला आणि विसरला. त्याची फाईल कॉम्प्युटरमध्ये होती. अभिनंदननं ती चौकोनात बसवली. खाली स्वतःचं नाव होतंच.

मग मित्र आले. कोण कोल्हापूरचा, कोण चिकोडीचा, एक तर दुबईला असलेला संकेश्वरचा पोरगा. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची, आणि तिथं कुठलंच अक्षर नाकातून येत नव्हतं. तो थट्टा करू लागला. आपल्याला थट्टा करता येते हे त्याला सव्विसाव्या वर्षी कळलं.

त्या सगळ्यांत स्वरूप वेगळा. बेळगावात कॅम्पमध्ये त्याची बेकरी होती, वडील वारलेले, घरी तो आणि आई जयाबाई. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दोघं एकमेकांच्या पानावर लिहीत बसायचे. एकदा अभिनंदननं लिहिलं, "आई गेली तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, आता माझ्याकडं बघून कुणी रडणार नाही." स्वरूपनं विचारलं, "का रडायची?" अभिनंदननं लिहिलं, "असंच." दुसऱ्या कुणी खोदून खोदून विचारलं असतं. स्वरूपनं विचारलं नाही. त्या दिवसापासून अभिनंदन त्याला मनात मित्र म्हणू लागला. मित्र असा एकच.

स्वरूप घरी बोलवायचा. अभिनंदन टाळायचा. कधी दुकानाचा सीझन, कधी वडिलांची तब्येत. एकदा त्यानं असंही लिहिलं होतं, "आम्ही जैन. सूर्य मावळल्यावर जेवत नाही. तुझ्या आईला उगाच त्रास."

आणि एका सोमवारी स्वरूपचा निरोप दिसला: "काल आलास, लई बरं वाटलं. आई म्हणते, पोरगं शांत हाय. आणि काय रे जैना, रात्री नऊला चार भाकऱ्या हाणल्यास की!"

अभिनंदननं ते परत वाचलं. रविवारी तो दुकानातून हलला नव्हता. थट्टा असेल, म्हणून त्यानं हसण्याची खूण पाठवली. उत्तरादाखल फोटो आला. जयाबाईंच्या शेजारी, ताटावर, निळ्या चौकड्यांचा शर्ट.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की इथं लिहिलेलं कुणीही उघडून वाचू शकतं. आपलं पान कोण बघून गेलं त्यांची नावंही कडेला दिसायची. त्यानं आजवर तिकडं लक्ष दिलं नव्हतं. रोजच्या यादीत एक जण होताच. रवळू. ड्रॉवरमधल्या पाकिटावरही हेच नाव होतं. फोटोच्या जागी नुसती राखाडी आकृती. त्यानं त्याचं पान उघडलं. एकही मित्र नव्हता.

खरं सांगायचं तर स्वतःच्या तोंडानं कबूल करावं लागणार होतं, की तो चेहरा माझा नाही. आठवडाभर त्यानं काहीच लिहिलं नाही. मग दुकान बंद करून बेळगावची गाडी धरली. स्वरूपला ओठासकट तोंड दाखवायचं, पुढं होईल ते होईल. वाटभर एकच वाक्य तो तोंडात घोळवत होता.

बेकरीत खारीचा वास होता. गल्ल्यावर जाडसर, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. त्यानं आधी ओठाकडं बघितलं, मग घाईनं डोळ्यांकडं.

"काय देऊ?"

"मी अभिनंदन. निपाणीचा."

स्वरूप हसला. "बघा की योगायोग! आमचा अभिनंदन पण निपाणीचाच." आणि आत तोंड करून ओरडला, "अरे, तुझा नावकरी आलाय!"

पडदा सारून तो बाहेर आला. हाताला मैदा लागलेला. अभिनंदनकडं बघून त्याचा चेहरा उजळला.

"आरं, ह्ये तर आमचे फोटोवाले! माझे फोटो न्यायचे ऱ्हायल्यात तुमच्याकडं."

अभिनंदन म्हणाला, "स्वरूप, आई गेली तेव्हा मी तुला लिहिलं होतं..."

"आता माझ्याकडं बघून कुणी रडणार न्हाय," त्या माणसानं वाक्य पुरं केलं. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. स्वरूपनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अभिनंदनकडं बघून जरा रागानंच म्हणाला, "लोकांचं वाचून असं बोलू नये, पाव्हणं. जा आता."

अभिनंदन पाव किलो खारी घेऊन निपाणीला आला. खातं त्यानं पुन्हा उघडलं नाही. पुढं काही वर्षांनी ते ऑर्कुटच बंद पडलं. खाली कुणाकुणाचं काय गाडलं गेलं, कुणी विचारलं नाही.

यंदा थंडीत तो माणूस आला. कलत्या दुपारी दारात उभा राहिला. केस पिकलेले, शर्ट पांढरा. अभिनंदननं समोरच्या गाड्यावरून चहा आणि बशीभर भजी मागवली. ती यायला उशीर झाला. आली तेव्हा ऊन वखारींच्या पत्र्यावरून उतरलं होतं.

"स्वरूप बरा हाय?" शेवटी अभिनंदननं विचारलं.

"जयाबाई गेल्या. दिवाळीच्या आधी." तो खाली बघत होता. "स्वरूप लई रडला. मग मला म्हणाला, तुझी आई का रडायची रं तुझ्याकडं बघून? इतकी वर्षं विचारलं न्हाय त्यानं. मला सांगता येईना. ते तुम्ही लिहिलंच न्हाय."

"रवळू..."

"त्या नावानं आता कोण हाक मारत न्हाय." तो शांतपणे म्हणाला. "तेवढं सांगा. बाकी सगळं हाय माझ्याजवळ."

अभिनंदनला वाटलं, नाही म्हणावं. एवढं एकच उरलं होतं. पण स्वरूप तिकडं वाट बघत असेल, हेही त्याला दिसत होतं. आणि स्वरूप ज्याच्या तोंडून ऐकून घेईल, ते तोंड समोरच्याचंच होतं. त्यानं दोन्ही लाईट लावले, फिरवून स्वतःवर घेतले, आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसून हनुवटी जरा वर केली.

"बघा."

माणूस बघत राहिला. घाई केली नाही. असं आजवर कुणीच बघितलं नव्हतं. मग त्याचा हात स्वतःच्या वरच्या ओठाकडं गेला आणि बोट तिथं काहीतरी चाचपत राहिलं.

"हितं ओढ लागायची मला," तो म्हणाला. "रोज सकाळी. आता कळलं."

"त्याला काय सांगणार?"

"ओठामुळं, म्हणून सांगतो. लहानपणी दुभंगलेला होता, आता दिसत न्हाय." काही अक्षरं त्याच्या नाकातून येत होती. "माझ्यावर विश्वास हाय त्याचा."

ड्रॉवरमधलं जुनं पाकीट त्यानं मागून घेतलं आणि खिशात घातलं. अभिनंदननं बशी पुढं केली.

"नको." त्यानं दाराबाहेर बघितलं. गल्लीत दिवे लागले होते. "सूर्य मावळला. मी खात न्हाय."

तो गेला. अभिनंदन स्टुलावरच बसून होता, लाईट तोंडावर तसेच. पोटात भूक उठली होती, मोठी, कितीतरी वर्षांची, आपली नसल्यासारखी. भजी अजून गरम होती. त्यानं बशी जवळ ओढली.