पानथरीचा दाखला

११ मार्च २०२४ रोजी पेणजवळच्या जोह्यात, गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात, कमळाकरशेठने पारी हिलमच्या मजुरीतून ३५० रुपये कापले. कच्ची मूर्ती तिच्या हातून सुटली होती आणि सोंड तुटून भुसकटात पडली होती.

"सकाळी सकाळी टाकून येतेस आणि माझा माल फोडतेस," शेठ चारचौघांत म्हणाला.

पारीने जन्मात दारूला तोंड लावले नव्हते. ती आणि तिचा नवरा गोरख रोह्याजवळच्या कातकरवाडीतले. दरवर्षी जानेवारीत जोह्याला यायचे, कारखान्यामागच्या शेडमध्ये राहायचे आणि गणपती उठले की परतायचे.

"पितो मी आणि नाव तुझं," गोरख रात्री हसत म्हणाला.

"हसतोस काय मेल्या? पैसे काय झाडाला लागलेत?"

मूर्ती का सुटली, ते पारीला पक्के ठाऊक होते. वजन ती नेहमी डाव्या कुशीवर पेलायची आणि तिथेच, बरगडीखाली, मागच्या पावसाळ्यापासून काहीतरी टणक झाले होते. दोन घासांत पोट भरायचे, डावा खांदा ठणकायचा. गणपती उठल्यावर गावी परतताच तिने रोह्याच्या डॉक्टरला दाखवले होते. त्याने हात लावून सांगितले होते, "पानथरी वाढलीय, म्हणजे प्लीहा. तुमच्या लोकांत सिकलसेल असतोच." आणि गोळ्या दिल्या होत्या. त्या ती अजून खात होती.

दुसऱ्या दिवशी कामाला दांडी मारून ती रोह्याला त्याच डॉक्टरपुढे उभी राहिली. तिला औषध नको होते, दाखला हवा होता.

"लिहून द्या. मूर्ती पानथरीमुळं पडली, दारूमुळं नाय."

"असा दाखला कुठे असतो का बाई? गोळ्या चालू ठेव."

"माझं रगत कवा तपासलंत?"

डॉक्टर कागद चाळू लागला. "तुमच्यात हा आजार..."

"शेठ म्हणतो कातकरीण म्हणजे दारू. तुम्ही म्हणता कातकरीण म्हणजे सिकलसेल. मला कोणी बघितलं काय?"

बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावू लागले. कंपाउंडर तिला बाहेर काढायला आला, तर तिने टेबलाची कड धरून ठेवली. शेवटी रक्त घेतले गेले. रिपोर्ट आला, त्यात सिकलसेल नव्हता. इतके महिने खाल्लेल्या गोळ्या कशाच्या, हे डॉक्टरने सांगितले नाही आणि पेणला सोनोग्राफी करण्याची चिठ्ठी खाली मान घालून लिहिली.

पेणला पडद्यावर पानथरीत सोललेल्या नारळाएवढी गाठ दिसली. तिथून पनवेलचे मोठे रुग्णालय आणि सीटी स्कॅन. तिथल्या सर्जन बाईंनी दोघांना समोर बसवून नीट समजावले. या गाठीत सुई घातली तर आत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून गाठीसकट पूर्ण पानथरी काढायची. कॅन्सर आहे की नाही, ते काढलेला भाग तपासल्यावरच कळेल. पानथरी गेली की काही जंतू जिवावर उठतात, म्हणून लसी आधी घ्यायच्या आणि दोन आठवड्यांनी ऑपरेशन. रेशनकार्डावर सरकारी योजनेत सगळे बसत होते.

"वजन कुठल्या बाजूला धरायचात, पारीताई?"

"डाव्या."

बाईंचे लिहिणे थांबले. "गाठ फुटली असती तर जोह्याहून पेणलाही पोचला नसतात."

पारीने गोरखकडे वळून पाहिले. "ऐकलंस? आणि तो माझ्याकडून सोंडेचे पैसे घेतो!"

एप्रिलच्या शेवटी ऑपरेशन झाले. बरगडीखाली लांब टाके पडले. तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत गोरखने दारूला हात लावला नाही. रिपोर्ट आला: रक्तवाहिन्यांची साधी गाठ, कॅन्सर नाही. गोरख रुग्णालयाच्या जिन्यात बसून रडला.

पारी म्हणाली, "माझा दाखला?"

बाई हसल्या, पण त्यांनी लिहून दिला. पानथरीत मोठी गाठ होती, वजन पेलणे अशक्य होते, दारूचा संबंध नाही. खाली ठळक अक्षरांत आणखी एक ओळ: ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे आणि पानथरी काढल्याचे सांगावे.

जुलैत पारी जोह्याला गेली. मूर्तींना रंग चढला होता. कमळाकरशेठने कागद दोनदा वाचला. हातातले ब्रश थांबवून सगळे बघत होते.

"बरी झालीस ना गो? मग झालं तर."

"बरी मला डॉक्टरीणबायनं केली. तू पैसे काढ, शेठ. आणि ह्या सगळ्यांसमोर बोल, पारी पीत नाय."

शेठने रंगाच्या डब्याकडे पाहिले. "नाय पीत," तो पुटपुटला. "पैसे गणपती उठल्यावर देतो."

गणपती उठले. पुढच्या हंगामात पारी शेजारच्या कारखान्यात बसून पॉलिशपेपर मारू लागली. जड उचलायला तिला मनाई आहे. शेठच्या दारावरून जाताना ती अजून थांबते आणि मोठ्याने विचारते.

कमळाकरशेठकडून पारीला ३५० रुपये अजून यायचे आहेत.