फटीवरच्या काचा

शाळेत काही मोडकं राहिलं की तात्यांना घास गोड लागत नसे. होते ते शिपाई, पण खिडकीची फुटकी काच बदलायला त्यांनी कधी सुताराला हात लावू दिला नाही. "पोरांनी फोडायचं आणि तात्यांनी जोडायचं," मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, हसून म्हणत.

त्यातच घात झाला. भूकंपात इमारत टिकेल का हे पाहायला आलेल्या इंजिनिअरने पहिलीच्या वर्गात भिंतीच्या फटीवर काचेच्या अरुंद पट्ट्या चिकटवल्या. फट वाढली तर पट्टी तडकणार. हे त्याने बाईंना सांगितलं, तात्यांना कोणीच नाही. पट्ट्या तडकल्या तेव्हा तात्यांनी पोरांवर डोळे वटारले आणि नव्या बसवल्या. पुन्हा तडकल्या, पुन्हा बसवल्या. इंजिनिअर परत आला, अखंड काचा पाहून खूश झाला, आणि भिंती मजबूत करायचं काम दुसऱ्या शाळेला गेलं.

मग एका सकाळी जमीन हलली. क्षणभरच. मोठ्या बाई पहिलीच्या पोरांना धीर देत होत्या, "ती काच बघा, शाबूत आहे ना? म्हणजे भिंतही शाबूत."

तात्या दारात उभे होते. पुढच्या बाकावर त्यांची नात बसली होती.

"बाई, त्या काचा मी बदलत होतो."

 बाईंनी तडक शिक्षण खात्याच्या कचेरीत फोन लावला. यंदाची कामं वाटून झाली, पुढच्या वर्षी बघू, असं उत्तर आलं.

"वर्ग बंद करा, बाई."

"आणि पोरं कुठे बसवू? व्हरांड्यात दुसरीचा वर्ग बसतोय. तुमच्या नातीला घरी ठेवा हवं तर."

"आणि बाकीची कुणाची आहेत?"

दुसऱ्या दिवशी त्या वर्गाला दारच नव्हतं. बाकही फटीपासून लांब लोटलेले.

"तात्या, हे काय?"

"आत उघडत होतं. गर्दीत अडकलं असतं."

"एवढ्याने भिंत थांबणार आहे?"

"नाही," तात्या म्हणाले, आणि त्यांनी पोरांना बाहेर पळायचा सराव द्यायला घेतला. पोरं खिदळत धावली. नात सगळ्यांच्या मागून आली, छातीशी दप्तर, हातात पाण्याची बाटली.

"अगं, दप्तर नाही घ्यायचं, बाळा!" तात्यांचा आवाज चिरकला. "काहीच नाही घ्यायचं! चला, सगळे परत आत."