वैशालीच्या कोऱ्या फायली

हे मी बायकोलासुद्धा बोललेलो नाही. तुला का सांगतोय — कोण जाणे.

अंबडला आमची छोटी कंपनी. द्राक्षबागेतले पंप चालवणारे बोर्ड बनवतो आम्ही. काही वर्षांपूर्वी वैशाली नवीन लागली, देवळाली कॅम्पहून बसनं यायची. तिला काम दिलं — त्या बोर्डाला कळेल असा प्रोग्रॅम आमच्या कॉम्प्युटरवर तयार करणारा कंपायलर, थेट सोर्स कोडमधून उभा करायचा. जमलं तर नोकरी पक्की.

आता गंमत बघ. कंपायलर म्हणतो, आधी स्टँडर्ड लायब्ररी, म्हणजे नेहमी लागणाऱ्या तयार कोडचा साठा, आण. लायब्ररी म्हणते, मला बांधायला आधी कंपायलर आण! लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, नि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही — तसलं त्रांगडं. सुटका सोपी आहे. लायब्ररी नाहीच, असं कंपायलरला सुरुवातीलाच बजावायचं, आधी अर्धामुर्धा कंपायलर बांधून घ्यायचा आणि त्याच्याकडून लायब्ररी. मला हे ठाऊक होतं.

“सर, काय चुकतंय?” तिनं विचारलं.

“शोध की, सापडेल.”

शिकावं म्हणून बोललो? छे! मला बघायचं होतं — अडकलेलं माणूस आधी कुठे हात घालतं? दुसऱ्याचं डोकं चालताना असं समोर कधी दिसतं का? रोज चहा घेऊन मी तिच्या खुर्चीमागे उभा. कंपायलरची बांधणी मध्येच कोसळायची, तिचा चेहरा उतरायचा — आणि मला, लाज वाटते सांगायला, मजा यायची.

मग तिनं भलतंच केलं. कंपायलर लायब्ररीच्या ज्या फायली मागत होता, त्याच नावांच्या कोऱ्या फायली करून त्याच्यापुढे ठेवल्या. फसला की गडी! अडेल तिथे ती एखादी ओळ भरायची, की हा पुढे. अरे, मला हे सात जन्मांत सुचलं नसतं. जळलो मी. दुसरा शब्द नाही.

त्याच आठवड्यात मालकांनी मला बाजूला घेतलं. “हिला जमेल का हो?”

मी — मी म्हणालो, “अवघड वाटतं.”

ती गेली. जाताना म्हणाली, “सर, तुम्ही फार सांभाळून घेतलंत.” आता इंदिरानगरात शिकवण्या घेते. कॉम्प्युटर आपल्याला झेपत नाही, असं सगळ्यांना सांगते म्हणे.

ती गेल्यावर मी तिच्याच जागेवर बसलो, तिच्याच फायली पुढे चालवल्या. थोडंसंच राहिलं होतं. दुपारच्या जेवणाआधी कंपायलर उभा राहिला. मालकांनी माझी पाठ थोपटली, मी थोपटून घेतली.

तिचं होत आलंय, हे मला त्यांना उत्तर देतानाही माहीत होतं.